डुकराची मांडी आणि एकट्याचं ताट

हिंजवडीच्या राजीव गांधी इन्फोटेक पार्कमध्ये काम करणारी आपली बरीच मुलंमुली एकेकटी राहतात. बीड, लातूर, नांदेड, बुलढाण्याकडून आलेली. एक खोली, एक शेगडी, कमरेएवढा फ्रिज. खोलीच्या जाहिरातीत 'फक्त शाकाहारी' छापलेलं असतं आणि छापलेलं नसेल तर किल्ली देताना तोंडी सांगितलं जातं. या मुलांकडून आम्हाला एक प्रश्न येतो. डुकराची मागची मांडी आणली, तीन-साडेतीन किलोची, तर एकट्याने ती शिजवायची कशी, संपवायची कशी? आणि त्यालाच जोडून, आवाज खाली आणून : वास बाहेर जाऊ नये म्हणून काय करायचं?

पहिला प्रश्न स्वयंपाकाचा आहे, दुसरा इतिहासाचा. आधी दुसरा घेऊ.

बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर आजच्या महाराष्ट्राच्या मोठ्या भागावर राज्य करत होता. त्याच्या नावावरचा 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ साधारण ११२९-३० च्या सुमाराचा. त्यातल्या अन्नभोगाच्या भागात डुक्कर कसं करावं ते बारकाईने सांगितलं आहे. अंगावर पांढरं कापड टाकून केस हाताने उपटून निघेपर्यंत उकळतं पाणी ओतायचं. नाहीतर चिखलाने लिंपून गवताच्या जाळावर केस जाळायचे. मग धुऊन, निखाऱ्यावर भाजून तुकडे करायचे. ताडाच्या पानासारख्या पातळ पट्ट्या कापून मसाला घातलेल्या घट्ट दह्याबरोबर द्यायच्या, हाही प्रकार त्यात आहे. वडार, कैकाडी वस्त्यांमध्ये गवत पेटवून डुक्कर भाजताना ज्यांनी पाहिलं आहे त्यांना यात नवीन काही वाटणार नाही. कृती तीच. राजाच्या मुदपाकखान्यात ती पाककला झाली आणि वस्तीत मात्र घाण ठरली.

हा फरक आला कुठून? मनुस्मृती उघडून पाहा. तिसऱ्या अध्यायात श्राद्धाचं मांस सांगताना वराहाच्या मांसाने पितर दहा महिने तृप्त राहतात असं म्हटलं आहे. पाचव्या अध्यायात गावडुक्कर जाणूनबुजून खाणारा द्विज पतित होतो. म्हणजे रानातला, शिकारीतला वराह पितरांना चालतो आणि गावकुसाजवळ फिरणारं डुक्कर खाल्लं की पतन. गावाने आपली घाण उघड्यावर टाकायची, ती खाणाऱ्या जनावराला अशुद्ध म्हणायचं आणि ते जनावर पाळणाऱ्या माणसाला त्याहून अशुद्ध! गंमत अशी की त्याच श्लोकात लसूण, कांदा आणि अळंबीही आहे. तेव्हा कांदा-लसणाच्या रश्श्यात मशरूम मसाला खाऊन 'आम्ही शुद्ध शाकाहारी' म्हणणाऱ्या घरमालकाने आपल्या पतनाचाही हिशोब ठेवावा. हा ग्रंथ २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जाळला गेला. पुढे २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी हिंजवडीपासून जवळच, देहूरोडला, रंगूनहून आणलेल्या बुद्धमूर्तीची स्थापना केली.

पण बोट फक्त बाहेर दाखवून चालणार नाही. जुन्या पिढीला विचारा. अनेक गावांत महारवाड्यात डुक्कर चालत नसे, मांगवाड्यात चालत असे, आणि तेवढ्यावरून एक वाडा दुसऱ्या वाड्याला हलकं लेखत असे. बाबासाहेबांनी जिला श्रेणीबद्ध विषमता म्हटलं ती ताटातही अशी उतरलेली होती. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' (२०१५) मध्ये मराठवाड्यातल्या महार-मांगांचं अन्न लिहून ठेवलं, ते यासाठीही वाचलं पाहिजे. आजही आपल्या काही बौद्ध घरांत 'आपण डुक्कर खात नाही' हे वाक्य ज्या सुरात म्हटलं जातं तो सूर आवडीनिवडीचा नसतो. न आवडणं वेगळं. ते प्रत्येकाचा हक्क आहे.

इथे काही मित्र महाडचा दाखला देतात : बाबासाहेबांनीच मांस सोडायला सांगितलं. चुकीचं आहे. मार्च १९२७ च्या महाड परिषदेत त्यांनी सोडायला सांगितलं ते मेलेल्या जनावराचं मांस. ते मांस कुणी विकत घेतलेलं नव्हतं. गावची मेलेली गुरं ओढण्याच्या कामाबरोबर, जन्माने, ते वाट्याला आलेलं होतं. ते सोडणं म्हणजे ते काम आणि ती लाचारी सोडणं. महिन्याच्या पगारातून, काट्यावर तोलून घेतलेली मांडी या हिशोबात बसत नाही.

उरला धम्म. महापरिनिब्बान सुत्तात पावा गावचा चुंद, लोहाराचा मुलगा, तथागतांना सूकरमद्दव वाढतो. ते डुकराचं मांस की अळंबीसारखं काही, यावर टीकाकारांचा वाद जुना आहे. धर्मानंद कोसंबींनी 'भगवान बुद्ध' मध्ये मांसाहारावर वेगळं प्रकरण लिहून विषय टाळला नाही. आम्हाला वादापेक्षा पुढचा भाग मोलाचा वाटतो. ते अन्न तथागतांनी फक्त स्वतःला वाढायला सांगितलं, उरलेलं पुरायला सांगितलं, आणि आजार बळावल्यावर आनंदाला बजावलं की चुंदाला कुणी दोष देऊ नये. वाढणाऱ्याच्या मनाची एवढी काळजी. भिक्षूंनी मांस अजिबात खाऊ नये ही देवदत्ताची मागणीही त्यांनी मान्य केली नव्हती.

आता मांडी. मुळात एवढा तुकडा एका तोंडासाठी कधी नव्हताच. वस्तीत जनावर कापलं की वाटे पडत, एकट्या म्हातारीच्या घरीही तिचा वाटा जाई. फ्रिज नसताना गुरांच्या मांसाच्या लांब पट्ट्या मीठ-हळद लावून दोरीवर वाळवत, त्या चान्या. डुकराच्या चरबीला असं नुसतं ऊन मानवत नाही, ती खवट होते. म्हणून गोव्यातल्या ख्रिस्ती घरांनी मीठ, व्हिनेगर, मिरची आणि धुराचा आधार घेऊन पावसाळ्यासाठी चोरीस केले. तेव्हा एकट्याने आधी वाटे घालावेत. चरबीचे तुकडे त्याच दिवशी मंद आचेवर त्यांच्याच तेलात परतावेत, लसूण-मिरची लावून. दुसरा वाटा व्हिनेगर, मीठ, लाल मिरचीत मुरवून शिजवावा. तो फ्रिजमध्ये तीन-चार दिवस सहज राहतो आणि दुसऱ्या दिवशी जास्त चांगला लागतो. तिसरा कच्चाच, एका जेवणापुरत्या पिशव्या करून फ्रीजरमध्ये. हाडं कुकरला लावून त्या पाण्यात डाळ शिजवावी. काहीही केलं तरी मांस आतपर्यंत शिजलंच पाहिजे, अर्धकच्च्या डुकरातून पट्टकृमी पोटात जातो. आणि एक वाटा घरी आलेल्या मित्राचा. तो मातंग, वडार, कैकाडी असेल तर भाजायचं कसं हे त्यालाच विचारावं, त्याच्या घरी हे ज्ञान आपल्यापेक्षा जुनं आहे.

राहिला घरमालक. राज्यातला २०१५ चा कायदा गाय, वळू आणि बैलाच्या कत्तलीवर आहे, डुक्कर त्यात नाही. तोंडी अट घातली गेली तर 'करारात लिहून द्या' एवढंच शांतपणे म्हणावं. आम्ही मुलांसोबत बसून जे भाडेकरार वाचले त्यांत डिपॉझिट, पाणी, पार्किंग, भिंतीला खिळा ठोकणं, सगळं होतं. जेवणाची अट एकातही लिहिलेली नव्हती.