डॉन स्टर्डी : बातम्यांच्या मथळ्यांतून घडलेला बालवीर

‘हार्डी बॉइज’ आणि ‘नॅन्सी ड्रू’ या मालिका शहरी भारतातील वाचकांच्या परिचयाच्या आहेत. त्यांच्याही आधी त्याच निर्मितिसंस्थेने घडवलेला डॉन स्टर्डी मात्र विस्मृतीत गेला. १९२५ ते १९३५ या काळात न्यूयॉर्कच्या ‘ग्रॉसेट अँड डनलॅप’ने त्याच्या साहसांची १५ पुस्तके प्रसिद्ध केली.

डॉन हा किशोरवयीन अमेरिकन मुलगा. काका कॅप्टन फ्रँक स्टर्डी आणि मामा प्रोफेसर ब्रूस यांच्यासमवेत तो दुर्गम प्रदेश धुंडाळतो. त्याची भ्रमंती तत्कालीन वृत्तपत्रांच्या मथळ्यांशी जुळते. १९२२-२३च्या हिवाळ्यात सिट्रोएन कंपनीच्या मोटारींनी सहारा ओलांडला. मालिकेच्या पहिल्या पुस्तकात डॉन मोटारीतून त्याच वाळवंटात जातो. नोव्हेंबर १९२२मध्ये तुतनखामेनची कबर सापडली. १९२५च्या ‘इन द टूम्ब्स ऑफ गोल्ड’मध्ये डॉन इजिप्तला पोहोचतो. त्याच वर्षीच्या आणखी एका पुस्तकाचा विषय उत्तर ध्रुव हा होता. अमुंडसेन यांचे ‘नॉर्गे’ हे हवाई जहाज ध्रुवावरून गेले ते मात्र मे १९२६मध्ये. बालवाङ्मय येथे वास्तवाच्या एक पाऊल पुढे होते.

मुखपृष्ठावरील लेखक ‘व्हिक्टर अ‍ॅपलटन’ ही व्यक्ती अस्तित्वातच नव्हती. एडवर्ड स्ट्रेटमेयर यांची संस्था कथानकाचा आराखडा करी, ठरावीक मोबदल्यात दुसऱ्याकडून पुस्तक लिहून घेई आणि सर्व हक्क स्वतःकडे ठेवी. या मालिकेतील बरीचशी पुस्तके जॉन डफील्ड यांनी लिहिली. परंतु वाचकांना त्यांचे नाव कधी कळले नाही. १९३०मध्ये स्ट्रेटमेयर यांचे निधन झाल्यावर त्यांच्या कन्यांनी संस्थेचा कारभार सांभाळला.

या पुस्तकांतील भूगोल चित्तवेधक असला, तरी माणसांचे चित्रण एकांगी आहे. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतील स्थानिक लोक बहुधा वाटाडे, हमाल किंवा शत्रू म्हणूनच येतात. शोधाचे श्रेय गोऱ्या प्रवाशांना मिळते. साम्राज्यकाळाची ही दृष्टी मुलांच्या मनोरंजनातून सहज रुजत होती.

१९२५मधील पुस्तके १ जानेवारी २०२१ रोजी अमेरिकेत स्वामित्वहक्कातून मुक्त झाली. त्यामुळे त्यांचे पुनर्मुद्रण आता कोणालाही करता येते. मुलांच्या हाती ती देताना मात्र हा पूर्वग्रह समजावून सांगण्याची जबाबदारी मोठ्यांना टाळता येणार नाही.