भरवणाऱ्या हातांचा मागोवा

बौद्धिक दिव्यांग मुलांच्या शिक्षणाचा इतिहास सांगताना पहिलं नाव पॅरिसच्या डॉ. इतार यांचं घेतात. 1800 साली दक्षिण फ्रान्समधल्या आवेरों भागात रानात वाढलेला, न बोलणारा एक मुलगा सापडला. पिनेल यांच्यासारख्या नामवंत डॉक्टरांनी त्याची आशा सोडली. इतार यांनी मात्र त्याला शिकवायचा चंग बांधला आणि त्याचं नाव व्हिक्टर ठेवलं. त्याचं न्हाणंधुणं, खाणंपिणं, फिरवणं मात्र मादाम गेराँ नावाची बाई बघत होती. अशा मुलांना सांभाळणाऱ्यांच्या पेशाची वंशावळ मी तिच्यापासून धरतो.

इतार यांनीच लिहून ठेवलेला एक प्रसंग आहे. जेवणाचं टेबल मांडणं हे व्हिक्टरचं रोजचं काम. मादाम गेराँचे पती वारले, तरी सवयीने त्याने त्यांचंही पान मांडलं. ते पाहून बाईंना रडू कोसळलं. व्हिक्टरने ते पान उचललं, कपाटात ठेवलं आणि पुन्हा कधीच मांडलं नाही. ही समज कुठल्याही पाठातून आलेली नव्हती, ती रोजच्या सहवासातून आली होती. पुढे इतार दुसऱ्या कामांकडे वळले, पण गेराँबाईंनी 1828 साली व्हिक्टर वारला तोवर त्याला सांभाळलं.

इतार यांचे शिष्य सेगँ यांनी त्यांची शिकवण्याची पद्धत अमेरिकेत नेली. तिथे सुरुवातीला छोट्या निवासी शाळा निघाल्या. मुलांना शिकवून घरी परत पाठवायचं, हा त्यांचा हेतू होता. बघता बघता त्यांचे कोंडवाडे झाले आणि सांभाळणारी माणसं वॉर्डातले कमी पगाराचे, बिनप्रशिक्षित नोकर होऊन बसली. न्यूयॉर्कच्या विलोब्रुक संस्थेचं वास्तव 1972 मध्ये टीव्हीवर आलं. पन्नासेक मुलांमागे एखादीच कर्मचारी होती. मुलाला भरवायला वीस-तीस मिनिटं लागतात. तिथे जेमतेम तीन मिळत होती. अशा घाईत घास श्वासनलिकेत जातो, न्यूमोनिया होतो. दोष त्या कर्मचाऱ्यांच्या माथी मारणं अन्यायाचं आहे. 1975 मध्ये न्यायालयीन तडजोड झाली, 1987 मध्ये संस्था बंद पडली आणि माणसं वस्तीतल्या छोट्या घरांत राहायला गेली. तिथे काम बदललं. नुसतं भरवून भागेना. स्वयंपाक, बसप्रवास, पैशांचा हिशोब यांत सोबत करायची आणि निर्णय त्या माणसाला घेऊ द्यायचा, हे कौशल्य लागू लागलं.

आपल्याकडे 1992 च्या पुनर्वास परिषद कायद्याने विशेष शिक्षक, थेरपिस्ट यांच्या प्रशिक्षणाला आणि नोंदणीला चौकट दिली. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानंतर काळजीवाहकांच्या प्रशिक्षणाच्या योजनाही आल्या. तरीही विशेष शाळेत मुलाचा हात धरून त्याला घास घ्यायला शिकवणाऱ्या मावशींकडे आजही वरकामाची बाई म्हणूनच पाहिलं जातं. ‘आमच्या पश्चात याचं कसं होणार?’ असं विचारणाऱ्या आईबापांना खरा आधार मात्र या मावशींचाच असतो. तेव्हा अशा संस्थेला देणगी द्याल, तर खोलीवर नाव कोरून घेण्यापेक्षा मावशींच्या पगारासाठी आणि प्रशिक्षणासाठी द्या.