पपनसाच्या सरबतातील सोमल

किशोरवयीन वाचकांसाठी आज ज्या रहस्यकथा लिहिल्या जातात, त्यांचा नायक पुष्कळदा पंधरा-सोळा वर्षांचा एखादा संगणकवेडा मुलगा असतो. परक्याची पत्रे, हिशेब आणि निरोप तो चोरवाटेने उघडतो व त्यांच्या धाग्याने खुन्यापर्यंत जाऊन पोहोचतो. ही चोरून मिळविलेली माहिती खरी की रचलेली, अशी शंका त्या कथेत सहसा कोणी काढीत नाही. बडोद्याच्या एका जुन्या प्रकरणात मात्र सारे याच शंकेवर येऊन अडले, आणि तेथे पणाला लागले होते एक राज्य.

लहरीपुरा हा बडोद्याच्या जुन्या तटबंदीचा पश्चिमेकडील दरवाजा. तटाच्या आत, मांडवीच्या परिसरात, गायकवाडांचा सरकारवाडा. तटाबाहेर छावणीकडे इंग्रज रेसिडेंटचा बंगला. १८७० साली खंडेराव महाराजांच्या मागून गादीवर आलेले मल्हारराव आणि १८७३ साली रेसिडेंट म्हणून आलेले कर्नल फेअर यांचे कधीच पटले नाही. राज्यकारभाराविषयीच्या तक्रारींची चौकशी झाली, सुधारणेसाठी महाराजांना १८७५ अखेरची मुदत मिळाली, दादाभाई नौरोजी दिवाण झाले. परंतु मने निवळली नाहीत. बंगल्यातील आया अमीना, हवालदार रावजी, जमादार नरसू ही नोकरमंडळी रात्री वाड्यावर जात, साहेबाच्या घरची बातमी पोहोचवीत आणि बक्षीस घेऊन परतत, असे पुढे साक्षीत आले. साहेबांचेही बातमीदार शहरात होतेच. संगणक नव्हता एवढेच. चोरवाटा दोन्ही बाजूंनी खुल्या होत्या.

२ नोव्हेंबर १८७४ रोजी महाराजांनी व्हाइसरॉयकडे खलिता धाडून फेअर यांना परत बोलावण्याची विनंती केली. ९ नोव्हेंबरच्या सकाळी फेअर फिरून आले. नित्याप्रमाणे मेजावर ठेवलेल्या पपनसाच्या सरबताचे दोन-तीन घोट त्यांनी घेतले, जीव कसनुसा झाला आणि त्यांनी उरलेले सरबत फेकून दिले. पेल्याच्या तळाशी गाळ दिसला. रेसिडेन्सीचे डॉक्टर सीवर्ड आणि मुंबईचे सरकारी रसायनतज्ज्ञ डॉक्टर ग्रे यांनी तो तपासला. त्यात सोमल निघाला, आणि हिऱ्याच्या पुडीसारखे चकाकणारे कणही निघाले. विषात हिऱ्याची पूड होती, ही गोष्ट एका गुप्त बातमीच्या आधारे फेअर यांनीही डॉक्टर सीवर्ड यांना लिहून कळविली होती. मग असे जाणणारा बातमीदार या कटापासून किती दूर होता? बचावपक्षाने हा प्रश्न सोडला नाही.

फेअर यांच्या जागी सर लुइस पेली आले आणि डिसेंबरमध्ये मुंबईचे पोलीस कमिशनर फ्रँक सूटर तपासासाठी उतरले. त्यांच्याबरोबर अकबर अली, अब्दुल अली आणि गजानन विठ्ठल हे अधिकारी होते. नोकरांच्या जबान्या झाल्या. रावजीने पुड्या सरबतात टाकल्याचे कबूल केले. नरसूनेही कबुली दिली, आणि त्यानंतर त्याने रेसिडेन्सीच्या आवारातील विहिरीत उडी टाकली. त्याला जिवंत बाहेर काढण्यात आले. रावजीच्या पट्ट्यात अकबर अलींना चिमूटभर पांढऱ्या पुडीचे पुडके सापडले. जानेवारी १८७५ मध्ये महाराजांना अटक झाली. त्यांचे खाजगी चिटणीस दामोदरपंत पहाऱ्यात राहिले आणि काही दिवसांनी माफीचे साक्षीदार झाले. वाड्यातील खाजगी हिशेबांच्या काही नोंदींवर शाई सांडलेली होती. शाईखालचे आकडे पोलिसांना फार बोलके वाटले.

२३ फेब्रुवारीला आयोग बसला. लहरीपुरा दरवाज्यासमोरचे न्यायमंदिर तेव्हा नव्हते. ती इमारत १८९६ ची. बंगालचे सरन्यायाधीश सर रिचर्ड काउच अध्यक्ष. मीड व मेलविल हे आणखी दोन इंग्रज. आणि ग्वाल्हेरचे शिंदे, जयपूरचे महाराज व सर दिनकरराव राजवाडे हे तीन हिंदी सभासद. महाराजांच्या वतीने विलायतेहून सार्जंट बॅलंटाइन आले होते. त्यांची उलटतपासणी वाचण्याजोगी आहे. रावजी जो पट्टा वापरीत होता, त्यातले पुडके इतके दिवस कोणालाच कसे दिसले नाही, आणि दिसले तेव्हा पोलिसांच्याच हाती कसे आले, हे त्यांनी पुनःपुन्हा विचारले. हिऱ्यांचा व्यापारी हेमचंद फत्तेचंद याने तर आयोगापुढे आपली आधीची जबानीच नाकारली. ज्याच्या बदलीचा अर्ज आठवड्यापूर्वीच गेला आहे, त्याला मारण्याची घाई महाराजांना कशासाठी, हा बॅलंटाइन यांचा मुद्दाही हलका नव्हता. उलट बाजूने, इतक्या नोकरांच्या साक्षी एकाच वाड्याकडे बोट दाखवीत होत्या, हेही विसरता येत नाही.

आयोग दुभंगला. तिघा इंग्रजांना आरोप सिद्ध झाला असे वाटले. तिघा हिंदी सभासदांना तसे वाटले नाही. एप्रिल १८७५ मध्ये सरकारने मल्हाररावांना पदच्युत केले, परंतु जाहीरनाम्यात कारण दिले ते विषाचे नव्हे, गैरकारभाराचे. त्यांची रवानगी मद्रासला झाली आणि १८८२ साली ते तेथेच वारले. इकडे जमनाबाईंनी नाशिककडच्या कवळाणे गावचा बारा वर्षांचा मुलगा दत्तक घेतला. २७ मे १८७५ रोजी तो सयाजीराव म्हणून गादीवर बसला.