होम थिएटर बनवताय? मागच्या रांगेचा चौथरा आणि पडद्यापुढचं स्टेज बांधण्याआधी हे गणित करा

सिनेमा बघायला बसलात आणि नेमकं पुढच्या सीटवर कुणीतरी उंच माणूस आलं, तर अर्धा पडदा त्याच्या डोक्यामागे जातो. मल्टिप्लेक्समध्ये हे टाळायला रांगा पायऱ्यांसारख्या चढत्या असतात. घरच्या थिएटरमध्ये दोन रांगा टाकायच्या असतील तर मागच्या रांगेखाली तसाच चौथरा लागतो. त्याला रायझर म्हणतात.

रायझर किती उंच हवा?

अनेक ठिकाणी सरसकट एक फूट उंची धरली जाते. पण खरी उंची तुमच्या खोलीवर ठरते. एक उदाहरण पाहू.

- पडद्याची खालची कड जमिनीपासून २४ इंचांवर
- पुढची रांग पडद्यापासून १० फुटांवर, मागची १६ फुटांवर
- बसल्यावर डोळे ४० इंचांवर, डोक्याचा वरचा भाग ४५ इंचांवर

पडद्याच्या खालच्या कडेपासून पुढच्याच्या डोक्यावरून एक सरळ रेषा मागे न्या. १० फुटांत ती २१ इंच चढते, म्हणजे दर फुटाला २.१ इंच. १६ फुटांवर ती साधारण ५७.६ इंचांवर पोहोचते. मागच्याचे डोळे ४० इंचांवर आहेत. म्हणजे रायझर हवा साडेसतरा इंचांच्या आसपास.

आता पडदा फक्त ६ इंच वर घ्या. तेच गणित १४ इंचांवर येतं. म्हणून आधी पडद्याची जागा नक्की करा, मग सुताराला बोलवा.

छताचं काय?

साडेनऊ फुटांच्या खोलीत ६ इंचांचं फॉल्स सीलिंग आणि १८ इंचांचा रायझर केला, तर मागच्या रांगेत उभं राहायला साडेसात फूट उरतात. तिथे पंखा लावू नका. चढायला मध्ये पायऱ्या हव्यात आणि सगळ्या एकसारख्या उंचीच्या हव्यात. अंधारात पाय अडखळू नये म्हणून पायरीच्या कडेला मंद एलईडी पट्टी लावा. रिक्लायनर पूर्ण उघडतो तेव्हा किती जागा घेतो, तेही आधी मोजा. साधारण सहा फूट खोली लागते.

आत काय भरायचं?

लाकडी चौकट किंवा लोखंडी पाइपची फ्रेम, वर १८ मिलिमीटर प्लायचे दोन थर आणि त्यावर कार्पेट, अशी रचना असते. आतली जागा रिकामी ठेवली तर चौथरा ढोलासारखा घुमतो. म्हणून आत रॉकवूल किंवा ग्लासवूल भरतात. पावसाळ्यातली ओल आणि वाळवी लक्षात घेऊन आयएस ७१० शिक्क्याचा मरीन प्लाय घ्या. वायरिंगचे पाइप झाकण लावण्याआधीच टाका.

स्टेजमध्ये वाळू भरावी का?

पडद्याखाली स्पीकर ठेवायला बुटकं स्टेज करतात. त्यात कोरडी वाळू भरायचा सल्ला इंटरनेटवर हमखास मिळतो. वाळूने कंपनं दबतात, हे खरंच आहे. पण वजन बघा.

१० फूट लांब, अडीच फूट रुंद आणि ६ इंच उंच स्टेजमध्ये साडेबारा घनफूट वाळू मावते. घनफुटाला सुमारे ४५ किलो धरले, तर जवळपास ५६० किलो होतात. म्हणजे दर चौरस फुटाला २२ किलोंहून जास्त, तेही स्पीकर आणि लाकूड न धरता. आयएस ८७५ या भारतीय मानकानुसार घराच्या खोलीसाठी माणसं आणि सामानाचा भार चौरस मीटरला साधारण २०० किलो, म्हणजे चौरस फुटाला १८-१९ किलो धरला जातो.

याचा अर्थ स्लॅब लगेच कोसळेल असा नाही. पण तो भार कायमचा बसतो आणि खाली कुणाचं तरी घर असतं. त्यामुळे फ्लॅटमध्ये वाळू टाळा, रॉकवूल भरा आणि स्टेजखाली रबर मॅट टाका. जमिनीवर थेट कोबा असलेल्या तळमजल्याच्या खोलीत वाळू चालू शकते.

फ्लॅटमध्ये वाळू भरायचीच असेल, तर सुताराच्या अंदाजावर जाऊ नका. आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा.