युद्ध सुरू असताना नगरपालिका काय करते?

युद्ध सैन्य लढतं, पण शहर नगरपालिकेलाच चालवावं लागतं. दुसऱ्या महायुद्धातला ब्रिटन हे त्याचं चांगलं उदाहरण आहे. तिथे १९३७ च्या कायद्याने हवाई हल्ल्यांपासून बचावाची जबाबदारी स्थानिक परिषदांवर टाकली. त्यामुळे कचरा, रस्ते, शाळा या रोजच्या कामांत आश्रयस्थानं उभारणं, स्वयंसेवक नेमणं आणि बेघरांची सोय करणं यांची भर पडली. 'ब्रिटिश रेस्टॉरंट' नावाची स्वस्त भोजनालयंही परिषदाच चालवत.

या तयारीचा कस हल्ल्यानंतर लागे. एप्रिल १९४२ मध्ये बाथ या छोट्या, ऐतिहासिक शहरावर जर्मन विमानांनी सलग दोन रात्री बॉम्ब टाकले. ४०० हून अधिक माणसं मेली. ढिगारे उपसणं, मृतांची ओळख पटवणं, बेघरांना निवारा आणि जेवण देणं ही कामं लगेच करावी लागली. अनेक मृतांना हेकोम दफनभूमीत सामूहिक दफन करण्यात आलं.

या काळात स्थानिक निवडणुका मात्र बंद होत्या. रिकाम्या जागी परिषदाच नवे सदस्य नेमत. मतदारांना आपले नगरसेवक पुन्हा निवडता आले ते थेट नोव्हेंबर १९४५ मध्ये.