बंपरावरचा पत्ता

पुण्यात किंवा नगरला लष्कराच्या ट्रकमागे गाडी अडकली, की नंबरप्लेटवर आधी दिसतो तो बाण. आखूड, वर टोक केलेला. पुढचे दोन आकडे गाडी कोणत्या वर्षी घेतली ते सांगतात. बाणाचं मूळ ब्रिटिश. सरकारी मालावरची ही खूण इतरांनी वापरणं तिथे १६९८ साली कायद्यानं गुन्हा ठरलं होतं.

दुसऱ्या महायुद्धात मात्र नुसती मालकी सांगून भागेना. ब्रिटिश क्रमांकांत लॉरीला ‘एल’, रणगाड्याला ‘टी’, मोटरसायकलला ‘सी’ लागलं. डिव्हिजनचं चिन्ह वेगळं: सातव्या आर्मर्ड डिव्हिजननं वाळवंटातला जर्बोआ हा उंदीर घेतला आणि तो थेट बर्लिनपर्यंत नेला.

सर्वांत कामाची खूण दिसायला सर्वांत साधी. गाडीच्या पुढच्या अंगाला पिवळी चकती, तिच्यावर काळा आकडा. तसाच आकडा पुलाच्या तोंडाशीही असे. चकतीवरचा मोठा निघाला, की गाडी अलीकडेच थांबायची. हा आकडा म्हणजे निव्वळ वजन नव्हे. भार किती लांबीवर पसरतो, हेही त्यात धरलेलं असे. इटलीत माघार घेणारे जर्मन पूल उडवत जात आणि मागून दोस्तांचे इंजिनिअर सुटे भाग जोडून ‘बेली’ पद्धतीचे पूल टाकत. तिथे ही चकती ड्रायव्हरच्या परवान्याहून मोलाची! १९४५च्या एप्रिलमध्ये सेनिओ नदीवर शिपाई नामदेव जाधवांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला, ती आठवी भारतीय डिव्हिजन याच आघाडीवर होती. तिच्या गाड्यांवर क्लोव्हरची पानं असत.

पांढरा तारा मुळात अमेरिकन. नॉर्मंडीच्या स्वारीपर्यंत तो सगळ्या दोस्तांच्या गाड्यांवर आला. लांबून तो जर्मन क्रॉससारखा भासू लागला, म्हणून भोवती वर्तुळ काढलं. बॉनेटवरचा मोठा तारा आपल्याच वैमानिकांसाठी. समोरचा तारा मात्र शत्रूच्या तोफांना आयता नेम, म्हणून काही रणगाडेवाल्यांनी तो सरळ रंगवून बुजवला.

आज जुनी जीप सजवताना तारा हमखास काढतात, बंपरावर गाजलेल्या डिव्हिजनचा आकडाही. छान दिसतं, पण बऱ्याचदा ते खोटं असतं. अमेरिकन बंपरावर एका टोकाला डिव्हिजन आणि रेजिमेंट, दुसऱ्या टोकाला कंपनी आणि गाडीचा क्रमांक असे. हा पत्ता मनानं लिहायचा नसतो. जाणकार आधी बारीक पॉलिशपेपर घेऊन बॉनेटची बाजू हळूहळू घासतात. हिरव्या थरांखाली कधी २० पासून सुरू होणारा फिकट निळसर क्रमांक उमटतो. पांढरा रंग येण्याआधी क्रमांक त्याच रंगात लिहीत.