गोधडे महाराजांच्या मुलखातली गोधडी

दर्यापूरच्या आम्ही बचत गटाच्या बाया दर वर्षी थंडीच्या आधी शिंप्यांकडचं कातरण गोळा करतो, त्याच्या गोधड्या शिवतो आणि ज्यांच्याकडे पांघरूण नाही त्यांना देतो. चिंध्यांची गोधडी म्हटलं की काहींना कमीपणा वाटतो. म्हणून आज तिचा आपल्याच भागातला इतिहास सांगतो.

आपला वऱ्हाड कापसाचा मुलूख. १९१३ मध्ये मूर्तिजापूर ते अचलपूर ही छोटी गाडी, म्हणजे आपली शकुंतला, सुरू झाली ती मुख्यतः कापसासाठी. इथला कापूस मूर्तिजापूरला, तिथून मुंबईला आणि पुढं जहाजानं विलायतेच्या गिरण्यांत जायचा. कापड होऊन आला की तोच रोख पैसे मोजून घ्यावा लागे. त्यामुळं कापूस वेचणाऱ्या कितीतरी घरांत कापसाची रजई कधी आलीच नाही. पांघरायला होती ती वाकय, म्हणजे गोधडी. नऊवारी लुगडं विरलं की त्याचा धड भाग वर, विरलेला आत, आणि वरून उभा-आडवा धावदोरा. सुनेच्या बाळंतपणाची दुपटी आणि म्हाताऱ्यांचं अंथरूण यातूनच निघे. या शिवणाऱ्या बायांची नावं कोणत्याही कागदावर नाहीत.

याच चिंध्यांना मोठा मान मिळवून दिला तो आपल्या भागातल्या एका माणसानं. देबूजी झिंगराजी जानोरकर, म्हणजे आपले गाडगेबाबा. जन्म २३ फेब्रुवारी १८७६, अंजनगाव तालुक्यातल्या शेंडगावचा, परिटाच्या घरातला. वडील गेल्यावर ते मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला मामाकडे वाढले. अंजनगाव आणि मूर्तिजापूरच्या मधोमध आपलं दर्यापूर.

१९०५ मध्ये बाबांनी घर सोडलं. अंगावर चिंध्या जोडून शिवलेलं वस्त्र, हातात खराटा आणि फुटकं गाडगं. लोक त्यांना गोधडे महाराज म्हणू लागले. शाळा न शिकलेल्या या माणसानं पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदीला धर्मशाळा उभ्या केल्या आणि स्वतःसाठी काही ठेवलं नाही. भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी आणि उघड्याला वस्त्र, ही त्यांच्या शिकवणीतली पहिली तीन कामं.

इथं एक गोष्ट ध्यानात घ्या. बाबांनी चिंध्या घातल्या त्या स्वतःच्या मर्जीनं. आपली गोधडी ज्याच्या अंगावर जाते त्याला तशी निवड नसते. मिळेल ते त्याला घ्यावंच लागतं. म्हणून त्याला काहीही चालेल असं आपण ठरवू नये.

आमच्या गटात यावरून वाद झाला. एक बाई म्हणाली, "फुकट द्याची आहे, मंग एवढी मेहनत कायले?" दुसरी म्हणाली, "तुह्या नातवाच्या आंगावर टाकशीन का हे? नाही ना, मंग देऊ नोको." तेव्हापासून आमचा हाच नियम आहे. नातवाला पांघरवणार नाही ती गोधडी गटाबाहेर जात नाही.

त्यासाठी कातरण आधी धुऊन उन्हात वाळवतो. सुती तुकडे वेगळे काढतो, कारण नायलॉनचा तुकडा शेकोटीची ठिणगी पडली की वितळून अंगाला चिकटतो. टाके जवळजवळ घालतो. शेवटी पूर्ण गोधडीवर हात फिरवून सुई-टाचणी राहिली नाही ना, ते पाहतो. किती जणींनी किती दिवस शिवली हेही वहीत लिहितो. गोधडी दानाची असली तरी बाईची मेहनत फुकटची नाही. आपल्या आज्या-पणज्यांची नावं राहिली नाहीत, निदान आपली राहू द्या.

२० डिसेंबर १९५६ ला वलगावजवळ बाबा गेले. त्यांची पुण्यतिथी ऐन थंडीत येते. यंदा त्या दिवसापर्यंत तुमच्या गटानंही एक तरी गोधडी पुरी करावी, आणि ज्याला द्यायची त्याच्या हातात मानानं द्यावी. रामराम.